पोळ्याला खोललेली फटफटी

काल अकोल्याचे उस्मानभाई मिस्त्री येऊन गेले. फटफटीचं काय करायचं ते ठरलं. दुरुस्त करायची की काढून टाकून दुसरी घ्यायची, यावर तुमचं-माझं इतकी वर्षं भांडण चाललं होतं. ते काल एका दुपारात मिटलं. कसं मिटलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुमच्या तेरवीला लोक पुष्कळ चांगलं बोलले. कष्टाळू होता, निर्व्यसनी होता, माळीसमाजाचं भूषण होता. मी आतल्या खोलीत बसून ऐकत होते. त्यात खोटं काही नव्हतं, पण त्यात तुम्ही कुठे दिसत नव्हतात. तुम्ही हट्टी होतात. गेलेल्या माणसाचे दोष काढू नयेत म्हणून हे कुणी बोललं नाही. मी बोलणार आहे. तेवढा हक्क मला आहे.

तुमचा हट्ट मी पहिल्यांदा पाहिला तो आपल्या लग्नातच. चांदूर रेल्वेला आमच्या दारात तुम्ही ती फटफटी आणून उभी केलीत, तेव्हा अर्धं गाव नवरदेव सोडून तिलाच बघत होतं. बाजूला एका चाकावर पत्र्याची टोपली जोडलेली. तुम्ही तिला डोली म्हणायचात. जंगलखात्याचा कुणी साहेब विलायतेला परत जाताना त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात तुम्ही ती घेतली होती, आणि त्या टोपलीत साहेबाचं कुत्रं बसायचं, हे मला लग्नानंतर कळलं. म्हणजे माझी पाठवणी कुत्र्याच्या जागेवर बसून झाली. वडील म्हणाले होते, "पोरीले दमनीत बसवा, ते मागून येईन." तुम्ही म्हणालात, "मामाजी, संध्याकायच्या आत घरी नेतो." वलगावच्या पुढे ती जी बसली, ती बसली. तुम्ही लाथा मारून घामाघूम झालात आणि शेवटी माझ्याकडे न बघता म्हणालात, "जरा धक्का मारतं काय?" हळदीच्या पायांनी, शालूचा ओचा खोचून, मी ती ढकलली. मागून आलेली बैलांची दमणी आपल्याला ओलांडून पुढे गेली. वडिलांनी मान दुसरीकडे वळवली, पण त्यांचे खांदे हलत होते.

पुढे त्या टोपलीच्या जागी तुम्ही सुताराकडून लाकडी चौकट बसवून घेतली आणि तिच्यात फुलांचे टोपले रचायला लागलात. झेंडू, शेवंती, मोगरा. परतवाड्याच्या बाजूने बैलगाडीत गेलेली फुलं अमरावतीला पोचेपर्यंत माना टाकायची. तुमची टवटवीत पोचायची. फक्त त्यांना पेट्रोलचा वास यायचा. तिथल्या गुजरी बाजारातली हारवाली तुम्हाला म्हणाली होती, "माळीदादा, या हारानं देवीले चक्कर येईन." मग तुम्ही टोपल्यांखाली कडुलिंबाचा ओला पाला घालायला सुरुवात केलीत. डोकं तुमचं चालायचं, यात वाद नाही.

फटफटीचं मात्र तसं नव्हतं. पावसाळ्यात तिचा ठिणगी देणारा मॅग्नेटो ओलावा धरायचा, उन्हाळ्यात ती तापून बसायची, थंडीत लाथांनीही जागी व्हायची नाही. तिला मानवेल असा ऋतूच वऱ्हाडात नव्हता. महिन्यातून एकदा तरी तुम्ही अकोल्याला उस्मानभाईंकडे जायचात आणि कागदात गुंडाळलेला एखादा तेलकट तुकडा घेऊन यायचात, दुसरे नवरे साडी आणतात तसा. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण. रोज मुलींना 'मले' नाही, 'मला' म्हणायला शिकवायचं, आणि घरी आलं की तुमचं "तो पाना दे मले." शाळेला नागपूरचे इन्स्पेक्टर आले त्या दिवशी माझ्या पांढऱ्या पदरावर तेलाची पाच बोटं होती. ती तुमची, हे साहेबांना सांगणार कसं?

अमरावतीचे एक वकील आपली फटफटी विकणार होते. मी शाळेच्या कामाला गेले तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून पाहून आले. एका लाथेत सुरू झाली. घरी येऊन तुम्हाला सांगितलं, माझ्या पगारातून आपण ती घेऊ.

"जुनं ते सोनं, बाई."

"ते सोन्याबद्दल म्हणतात. लोखंडाबद्दल नाही."

"मंग तू जुनी झाली तं तुलेई बदलाचं काय?"

"मला ढकलावं लागत नाही."

तुम्ही इतके हसलात की ठसका लागला, आणि विषय तिथेच बुडाला. हीच तुमची युक्ती होती. हसवायचं आणि आपलंच करायचं. एकदा मात्र मी हसले नाही. खरोखरच चिडून विचारलं की अडतंय कुठे, बायकोच्या पैशाची लाज वाटते का? तेव्हा तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात.

"घरचा बैल म्हातारा झाला तं त्याले कोनी बाजार दाखोते काय? ज्यानं दाखवला, त्याच्या घरचं मी पानी पेत नाई."

"बैलाला जीव असतो."

"अन् इनं खाऊ नाई घातलं काय आपल्याले? तिच्या पाठीवरच माडीचं सागवान आलं. मी नाई तिले भंगारात देत."

मी खाली ठेवलेला पाना उचलून तुमच्या हातात दिला.

तुम्ही तिला बैलच मानलंत. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीच्या संध्याकाळी, ढवळ्या-पवळ्याच्या खांद्यांना पळसाच्या पानाने लोणी-हळद लावायचात आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणायचात, तसंच फटफटीपाशी जाऊन तिच्याही मानेला हळदीचं बोट टेकवायचात. पोळ्याला तिच्यावर झूल पडायची. संध्याकाळी तोरणाखाली बैलांच्या रांगेत तुम्ही ती ढकलत न्यायचात. पहिल्या वर्षी पाटील रागावले, दुसऱ्या वर्षापासून पोरं तुमच्यावर पोळ्याच्या झडत्या जोडून म्हणायला लागली:

"चारा नाई, कडबा नाई, शेण नाई दारी,
धक्का मारू मारू थकली माळ्याची नारी!"

मग सगळ्यांचा "हर हर महादेव." मी बायकांच्या घोळक्यात पदर तोंडात धरून उभी असायची. माझ्या नावाची झडती सबंध गावाने म्हटली, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं. तुम्हाला कधी बोलले नाही.

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक. फटफटीलाही तुम्ही त्या दिवशी सुट्टी द्यायचात. आणि सुट्टीच आहे तर तिचं पोट खोलून नीट करावं, म्हणून दरवर्षी पोळ्याच्या सकाळी तुम्ही गोठ्यात पोतं अंथरून तिच्या इंजिनाचा एकेक तुकडा त्यावर मांडायचात. म्हणजे वर्षातला तो एक दिवस आपल्या घरी ना बैल जुंपायचा असे, ना फटफटी चालती असे. इतकी वर्षं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी स्वतःला हुशार समजत होते.

या पोळ्याला तुम्ही अकोल्याहून आणलेल्या इंजिनाच्या नव्या रिंगा बसवत होतात. दुपारी पुरण शिजत होतं. बैल धुऊन, शिंगांना बेगड लावून तयार होते. हारांना फुलं कमी पडली म्हणून तुम्ही काम अर्धवट ठेवून झेंडूच्या वाफ्यात गेलात आणि लंगडत परत आलात.

"दिवड चावली वाटते पायाले. पायली नाई बराबर."

दिवड बिनविषारी, ते खरं. पण न पाहिलेल्या सापाला तुम्ही दिवड ठरवलंत, कारण तुम्हाला ते सोयीचं होतं. तुमच्या आईंनी, म्हणजे माझ्या आत्याबाईंनी, पाय पाहिला आणि बैलाच्या मानेचा गोंडा सोडून त्याने घोट्याच्या वर आवळून बांधला. मी म्हणाले, परतवाड्याच्या दवाखान्यात चला. तुम्ही म्हणालात, "जाऊ ना. फटफटीनंच जाऊ. अर्धीअधिक जोडलीच हाये." मी म्हणाले, गाडी जुंपा. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत जसं मी भलतंच काही बोलले.

"आज? पोयाच्या दिशी? येवढ्याशा चावऱ्यासाठी त्याईच्या मानेवर जू ठू? अन् या चिखलातून गाडी पोचन कवा? फटफटी घडीभरात नेते."

आणि तुम्ही पोत्यावर बसून जोडायला लागलात. मी पाने देत गेले. तुम्ही मागाल तो देत गेले. थोड्या वेळाने तुम्ही मागत होतात ते शब्द मला कळेनात, जीभ जड झाली होती. एक बोल्ट बसवताना तुम्ही दोनदा शेजारच्या हवेत हात नेलात. "दोन-दोन दिसून राहिले," म्हणालात आणि हसलात. पापण्या खाली येत होत्या. तुम्ही मान मागे टाकून, पापण्यांच्या फटीतून बघत बसवत राहिलात. मी ओरडले, तुम्ही ऐकलं नाहीत. मग आत्याबाई चुलीवरून उठून आल्या. तुमच्या तोंडाकडे त्यांनी एकदा पाहिलं, बैलांकडे गेल्या, झुली ओढून खाली टाकल्या आणि जू उचललं.

"माय, पाप लागन..." तुम्ही म्हणालात.

"लागू दे. पाप माह्यावर."

त्या तुम्हाला उठवायला आल्या तेव्हा तुम्ही फटफटीची टाकी धरून ठेवलीत. "माय, थांब. येकच काम रायलं."

आता हे वाक्य आम्ही जन्मभर ऐकलेलं. जेवायला बोलावलं की एकच काम राहिलं. लग्नाला निघायचं, एकच काम राहिलं. त्यानंतर दिवस मावळायचा आणि फटफटी तशीच मुकी. आत्याबाई म्हणाल्या, "तुयं येक काम मले माईत हाये. ऊठ." त्यांनी तुमची बोटं टाकीवरून एकेक करून सोडवली. गाडी त्यांनीच हाकली. तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. काळ्या मातीचा चिखल चाकांना धरून बसत होता. बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा काढायला वेळ मिळाला नव्हता, त्या सगळी वाट वाजत होत्या. तोरणाजवळ जमलेले लोक पोळ्याच्या दिवशी जुंपलेली गाडी बघून दोन्ही बाजूंना सरले. परतवाड्याचं जकातनाकं दिसायला लागलं तेव्हा तुमची छाती हलायची थांबली होती. मी आत्याबाईंना सांगितलं नाही. दवाखान्यापर्यंत त्या बैलांना चुचकारत राहिल्या.

परत येताना त्याच बैलांनी तुम्हाला आणलं.

तुम्ही सुटलात. मागे काय झालं ते ऐका. आत्याबाईंनी अन्न टाकलं. "म्या पोयाच्या दिशी जू ठुलं, महादेवानं माहा पोरगा नेला," एवढंच एक धरून बसल्या. भेटायला येणाऱ्या बायका तोंडाने "तसं नाई वं माय" म्हणायच्या, आणि नजर गोठ्याकडे जायची. बैलांना त्या हात लावेनात. ज्या बाईने गावाची, देवाची भीड न ठेवता लेकरासाठी जू उचललं, तिलाच ते जू चिरडत होतं. मला तुमचा राग आला. अजूनही येतो. रडता रडता मध्येच येतो.

त्यांना धीर द्यायला माझ्याकडे एकच गोष्ट होती, आणि ती मी रोज देत होते. "आत्याबाई, ते यंत्र सुरू झालंच नसतं. ते तिथे जोडतच बसले असते आणि आपल्या डोळ्यांदेखत पोत्यावर गेले असते. तुम्ही निदान दवाखान्याकडे तरी नेलंत." हे ऐकलं की त्या चार घास खायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्या, "नसती न वं झाली सुरू?" मी म्हणायची, "कधी झाली होती वेळेवर?" माझा त्यावर विश्वास होता. ढकलून ढकलून मिळवलेला विश्वास होता तो.

झेंडू वाफ्यात फुलून काळा पडत होता. दसरा तोंडावर. फुलं न्यायला काहीतरी हवं, म्हणून मी उस्मानभाईंना निरोप धाडला. ते काल आले. फटफटी त्या दिवसापासून तशीच झुलीखाली झाकलेली होती, कुणी हात लावला नव्हता. त्यांनी झूल काढली, तुमच्यासाठी दोन्ही तळवे उघडून दुवा मागितली आणि मग खाली बसून पाहू लागले. मी दारात उभी. आत्याबाई पलीकडे चुलीपाशी.

"भाभी, हे जोडली कोनं?"

"त्यांनीच. त्याच दिवशी."

उस्मानभाई एकेक ठिकाणी बोट लावून पाहत गेले. मग मान न वर करता म्हणाले, "बराबर जोडली. सारंच बराबर हाये. निस्ती हे प्लगची तार लावाची रायली."

लोंबत असलेलं वायरचं टोक त्यांनी दोन बोटांत धरलं आणि प्लगवर खोचलं. एवढंच. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. मग ते उभे राहिले आणि लाथ मारायला पाय उचलला.

मी त्यांचा हात धरला. परक्या पुरुषाचा हात मी जन्मात पहिल्यांदा धरला असेल. "नको. सुरू करू नका." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं. तिथून हाक आलीच, "काय म्हनते वं मिस्त्री?"

"बघताहेत, आत्याबाई."

पाय टाकला असता तर ती सुरू झाली असती का, ते मला माहीत नाही. मी कळू दिलं नाही. पण उस्मानभाई तुमच्या फटफटीला तुमच्यापेक्षा जास्त ओळखतात, आणि त्यांचा पाय ज्या भरवशाने उचलला गेला तो मी पाहिला. सुकी वाट नव्हती तरी फटफटी त्या चिखलातूनही तुम्ही कैकदा काढली होतीत. हे सगळं माझ्या डोक्यात एकदमच आलं, आणि ते आत्याबाईंच्या डोक्यात कधीही येता कामा नये एवढंच मला कळलं. टाकीवरची तुमची बोटं त्यांनी स्वतःच्या हाताने सोडवली होती.

मी उस्मानभाईंना हळूच म्हणाले, "हे पुन्हा खोला."

"काय खोलू?"

"सगळं. पहिल्यासारखं पोत्यावर मांडा. मग घेऊन जा अकोल्याला. तिथे जोडा, विका, चालवा, काय वाटेल ते करा. या गावात तिचा आवाज व्हायला नको."

ते म्हणाले, "भाभी, त्या हालतीत त्यानं हे काम केलं. मी कसं खोलू?" मी म्हणाले, "मग पाना मला द्या." तेव्हा ते बसले. पहिल्यांदा ती तार काढली. मग तुम्ही मान मागे टाकून, दोन-दोन दिसत असताना बसवलेला एकेक बोल्ट त्यांनी काढला आणि पोत्यावर ठेवला. नव्या रिंगा चकाकत होत्या. मी शेजारी उभी राहून बघत होते. तुमच्या हातचं शेवटचं काम मी मोडून घेतलं, मला ते करावं लागलं, आणि तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही तेच केलं असतंत. आईच्या बाबतीत तुम्ही हट्टी नव्हतात.

आता फुलं परतवाड्यापर्यंत बैलगाडीने जातील आणि पुढे अमरावतीला सर्व्हिस मोटारीच्या टपावरून. नवी फटफटी घ्यायची नाही. वकिलांचीही नाही.

सगळं मांडून झालं तेव्हा मी आत्याबाईंना हात धरून गोठ्यात आणलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्या तिथे पाय ठेवत होत्या. पोत्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंड पसरलेलं. त्या वाकल्या, एक तुकडा उचलला, परत ठेवला.

"येवढं रायलं होतं काय?"

उस्मानभाई जमिनीकडे बघत होते. मी म्हणाले, "हो आत्याबाई. एवढं सगळं राहिलं होतं."

"मंग तं जमलंच नसतं त्याले."

"नसतंच जमलं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग वळून ढवळ्याकडे गेल्या, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या.

त्या दिवशी तुमचं खरंच एकच काम राहिलं होतं. तुम्ही पहिल्यांदाच खरं बोललात आणि आम्ही कुणी ऐकलं नाही. आता मी त्यांच्यासमोर रोज तुम्हाला खोटं पाडणार आहे, त्या जिवंत असेपर्यंत. तेवढं पोटात घाला.